आंबलेला आश्विन

सोयाबीनची मळणी सुरू झाली की आमच्या गावात खिडक्या बंद करायचे दिवस येतात. थ्रेशरचा भुसा हवेत उडतो, दोरीवरच्या कपड्यांना चिकटतो, मानेला चावतो. दुपारचं ऊन अजून वैशाखाच्या ऐटीत असतं आणि पहाटे मात्र पायाशी पडलेली गोधडी ओढून घ्यावी लागते. लोकांना या दिवसांचं भारी कौतुक. शेजारच्या काकू दारात उभ्या राहून म्हणतात, "कसं सोन्यावाणी ऊन पडून राह्यलं, पाह्य तं!" मी "हो ना" म्हणते आणि खिडकी लावून घेते. मला हे ऊन आवडत नाही. या उन्हात मला एक आंबट वास येतो. घरात दुसऱ्या कुणाला येत नाही, आणि तो कुठून येतो हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

वाशिम जिल्ह्यातलं आमचं गाव. नाव लिहीत नाही; ज्यांना कळायचं त्यांना कळेल आणि ते गप्प बसतील, तेवढी सवय आम्हा सगळ्यांना आहे. गावाबाहेर सांडपाणी शुद्ध करायचा एक छोटा प्रकल्प आहे. अर्ध्या गावाचं पाणी नाल्यातून वळवून तिथे आणलेलं. हौदात पाणी थांबतं, घाण तळाशी बसते, वरचं पाणी पुढे जातं. तळाशी उरतो तो काळा, दाट गाळ. त्या गाळाचं काय करायचं, हा जगातल्या सगळ्या गावांपुढचा प्रश्न, आणि सगळी गावं तो शेजारच्या शेतावर किंवा ओढ्यावर ढकलतात. आमच्याकडे मात्र एका वर्षी कुणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की या गाळापासून वीज करायची. त्यासाठी घुमटासारखं झाकण असलेली सिमेंटची टाकी बांधली गेली. खेड्यात गोबर गॅस असतो, त्याचीच ही मोठी बहीण. बंद टाकीत हवा नसते, डोळ्यांना न दिसणारे जीव गाळ खातात आणि गॅस सोडतात. तो गॅस इंजिनात जाळायचा आणि त्या विजेवर प्रकल्पाचे पंप चालवायचे. म्हणजे गावाची घाण गावाचंच पाणी स्वच्छ करणार. मला आजही ही कल्पना फार सुंदर वाटते.

मी तिथे केमिस्ट होते. बी.एस्सी. करून दोन वर्षं घरी बसल्यावर ठेकेदाराकडे मिळालेली, दर सहा महिन्यांनी कराराचा कागद बदलणारी नोकरी. घरच्यांनी नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं की पोरगी पाणीपुरवठ्यात आहे. ते तसं खोटंही नव्हतं, फक्त पाण्याची दुसरी बाजू होती. संध्याकाळी मी आले की आई मागच्या दाराशी बादली भरून ठेवायची आणि म्हणायची, "आधी आंग धू, मंग घरात ये." ओढणीचा वास घेऊन बघायची. मला राग यायचा, पण मीही ओढणी नाकाशी नेऊन बघायचेच.

टाकीवर ऑपरेटर होता उकंडाभाऊ. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा. आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं याचं नाव उकिरड्यावरून ठेवलं, म्हणजे यमालाही उचलावंसं वाटू नये. साहेब, म्हणजे आमचे इंजिनीयर, या नावावरून रोज एक विनोद करायचे. उकंडाभाऊ रोज हसायचा. चाळिशीचा असेल. मिसरूड फुटल्यापासून तो ऊसतोडीला गेलेला. लग्न झाल्यावर बायको कमलाबाईसकट. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी तिकडची मोजणी. दिवाळी झाली की तांड्यावर ट्रक यायचा, आणि मग होळीपर्यंत फडावरची पाचटाची खोपटी हेच घर. प्रकल्पावर काम लागलं ते उन्हाळ्यात, टाकीत पहिला गाळ सोडला तेव्हा.

या माणसानं ती टाकी वाढवली. मी हा शब्द विचार करून वापरते आहे. माझ्याकडे आंबटपणा मोजायच्या कागदाच्या पट्ट्या होत्या, काचेच्या नळ्या होत्या. त्याच्याकडे तळहात होता. सकाळी आला की आधी गॅसच्या पाइपावर हात ठेवायचा, मग घुमटाला कान लावायचा. "मॅडम, आज इचं पोट गच्च हाये," म्हणायचा, किंवा "आज खालचं पचलंच नाई, थांबा जरासं." त्याचं बोलणं आणि माझी पट्टी यांच्यात कधी फरक पडला नाही. गाळ सोडायचा तो रोज एकाच वेळी, एकाच मापानं. एकदा मी म्हटलं, जास्त सोडला तर जास्त गॅस होईल ना? पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत होतं, तरी विचारलं. तो म्हणाला, "म्हशीले एका दिवशी पोतंभर सरकीची ढेप टाकली तं दूध वाढन का म्हैस मरन?"

गाळ वाळवायच्या वाफ्यांवर तिथे आपोआप टमाट्याची झाडं उगवायची. माणसाच्या पोटातून गेलेलं बी मरत नाही, हे मी तिथे शिकले. लालभडक, तजेलदार टमाटे. कुणी खायचं नाही. पाखरं खायची.

टाकीच्या पाइपाला एक लहानशी शेगडी जोडली होती, गॅस आला का ते बघायला. पहिल्यांदा निळी ज्योत लागली त्या दिवशी उकंडाभाऊनं तिच्यावर चहा ठेवला. कमलाबाई डबा घेऊन आली होती. साहेबांना कप दिला, साहेब म्हणाले, "मला शुगर आहे." ठेकेदाराचा माणूस म्हणाला, आत्ताच घेतला. माझ्यापुढे कप आला तेव्हा मी म्हटलं, "आज उपास हाये माझा." कमलाबाईनं हिशेब केला असेल, कुठला उपास, कुठला वार. ती दोघं टाकीच्या सावलीत बसून चहा प्यायली, आणि उरलेला माझा कपही त्यांनी वाटून घेतला. गॅस हा गॅस असतो, ज्योतीला जात नसते, हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. पुढे जो काही पुरोगामीपणा मी केला तो वर्तमानपत्र वाचताना केला.

तर तो आश्विन. पावसाळा सरला, उद्घाटनाची तारीख ठरली, दसरा आणि दिवाळीच्या मधली. मोठे पाहुणे येणार, बटण दाबणार, टाकीच्या गॅसवर इंजिन चालणार आणि दिव्यांची माळ लागणार. ठेकेदारानं जाहीर केलं होतं की हे नीट पार पडलं तर टाकीवर बारमाही दोन माणसं लागतील, आणि उकंडाभाऊ आणि कमलाबाईच लागतील. त्या भरवशावर उकंडाभाऊनं दसऱ्याआधीच ऊसतोडीच्या मुकादमाला सांगून टाकलं की यंदा आमचा कोयता धरू नका.

कमलाबाईला हे खरं वाटत नव्हतं. डबा द्यायला आली की माझ्याजवळ बसायची, पुन्हापुन्हा विचारायची, "खरंच नाई जा लागन ना आमाले?" त्यांचं तांड्यावर दोन एकर वावर. सोयाबीनच्या ओळींमध्ये तूर पेरायची, सोयाबीन निघालं की तूर उभी राहते आणि यांचा ट्रक हलतो. "मॅडम, लगन होऊन इतके वर्सं झाले," ती म्हणाली, "म्या हातानं तूर पेरतो, पन फुलावरची तूर म्या कदी पाह्यलीच नाई. सासरा सोंगते, सासरा खाते. आमी येतो तवा नुसत्या तुराट्या." तिला त्या वर्षी फुलावरची तूर बघायची होती. एवढंच. मोठमोठ्या योजनांच्या पाट्यांवर हे असलं काही लिहिलेलं नसतं.

पण गॅस कमी पडत होता. गाळ पातळ येत होता आणि रात्री गार होऊ लागल्या होत्या. ज्योत लागायची, चहा व्हायचा, पण इंजिन दोन मिनिटं धडधडून गप्प. साहेब रोज घुमटाकडे बघत सुस्कारे टाकायचे. उकंडाभाऊ म्हणाला, "पंधरा दिवस द्या साहेब, हळूहळू वाढवतो." साहेबांकडे आठ दिवस होते.

त्याच आठवड्यात गावात नवरात्राचा मोठा भंडारा झाला. वरण, भात, वांग्याची भाजी, रोडगे आणि कढयांवारी बुंदी. आमच्याकडे भंडाऱ्यात कमी पडणं ही नामुष्की, म्हणून दरवर्षी ढिगानं उरतं. उरलेला प्रसाद नाल्यात टाकला तर पाप, उकिरड्यावर टाकला तर पाप, आणि दुसऱ्या दिवशी तो घरोघर वाटला तर कुणी घेत नाही. साहेब भंडारा करणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांचे मित्र. त्यांच्या डोक्यात एकदम आलं. बुंदी म्हणजे साखर, भात म्हणजे पिष्ट. टाकीला याच्यासारखं खाद्य नाही, गॅस फसफसून येईल.

मंडळात चर्चा झाली, मी ती ऐकली. देवीचा प्रसाद मैल्याच्या टाकीत? एकजण उठूनच गेला. मग अध्यक्ष, पांढरी टोपी, मोठे समजूतदार गृहस्थ, म्हणाले, "हे पाहा, टाकीतून शेवटी काय निघते? ज्योतच निघते ना? मंग हे हवनच झालं." सगळ्यांचे चेहरे उजळले. पापही नको, वासही नको, आणि वर पुण्य. ज्या टाकीच्या ज्योतीवरचा चहा गावाला चालत नव्हता, तिच्यात गावानं ट्रॅक्टरभर प्रसाद ओतला. ओतण्याआधी कुणीतरी हळदकुंकू वाहिलं.

उकंडाभाऊ टाकीच्या तोंडाशी उभा होता. साहेबांना सोडून तो माझ्याकडे वळला. "मॅडम, इले सोसन का?"

मला माहीत होतं. गोड, पिठूळ असं भसकन आत गेलं की आधी आम्ल तयार होतं, टाकी आंबते, आणि गॅस करणारे जीव त्या आंबटात मरतात. माझ्या पुस्तकात ते पान होतं. मी म्हटलं, "चार दिवसाचा तं प्रश्न हाये, उकंडाभाऊ." माझा सहा महिन्यांचा कागद त्याच महिन्यात बदलायचा होता, आणि सही साहेबांची. हे कारण आहे. त्याला सबब म्हणायचं की भीती, ते मी अजून ठरवलेलं नाही.

दोन दिवस खरोखर घुमट फुगला. साहेबांनी मला पेढा दिला. तिसऱ्या दिवशी मी नमुना काढला तेव्हा तो वास आला. घाणीचा वास मला सवयीचा होता. हा वेगळा, भांड्यात विसरून राहिलेल्या पिठासारखा. पट्टी बुडवली. टाकी निरोगी असली की पट्टी हिरवी होते आणि आम्ही वहीत सात लिहितो. पट्टी पिवळी झाली, म्हणजे सहा; आकडा उतरेल तसं आंबट वाढतं. दुसरी बुडवली, तीही पिवळी. उकंडाभाऊ शेजारी उभा. रंग त्यालाही दिसत होता, आकडा मात्र वाचता येत नव्हता. "चुना टाकू का मॅडम? आंबट तुटन." अगदी बरोबर बोलत होता. मी साहेबांकडे गेले. साहेब म्हणाले, "उद्घाटनापर्यंत टाकीला हात लावायचा नाही. आणि वहीत सात असू द्या. पाहुण्यांबरोबर वरचे लोक येतील, वही बघतील."

मी सात लिहिलं. दुसऱ्या दिवशी सात. मग पुन्हा सात. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालेलं.

उद्घाटन शनिवारी झालं. मंडप, फीत, नारळ. घुमटावर फोडलेल्या नारळाचं खोबरं ताटात तसंच राहिलं. बटण दाबलं, इंजिन चाललं, साठलेल्या गॅसवर दिव्यांची माळ भाषणं संपेपर्यंत जळली. ज्योत पिवळट होती, पण फोटोत पिवळं चांगलं दिसतं. उकंडाभाऊला नवीन टोपी दिली होती. कमलाबाई मागे उभी राहून टाळ्या वाजवत होती, सगळ्यांच्या थांबल्या तरी तिच्या चालूच.

रविवारी माझी सुट्टी. रिसोडहून मला बघायला पाहुणे येणार होते. पोहे झाले, नोकरीचं विचारलं, बाबा म्हणाले पाणीपुरवठा. त्या दिवशी प्रकल्पावर उकंडाभाऊ एकटा होता. सोमवारी मी गेले तर तो टाकीच्या पायरीवर बसलेला. पाइपावर हात ठेवून दाखवला. पाइप थंड. "मेली मॅडम," म्हणाला. माणूस गेल्यावर म्हणतात तसं हळू. मी पट्टी बुडवली, ती केशरी झाली, आणि त्या दिवशी, आता उद्घाटन झालंच आहे म्हणून, मी वहीत खरा आकडा लिहिला. पाच.

पुढचं कुणालाही कळेल. आठवड्याभरात वरून एक अधिकारी आले, कारण पाहुण्यांच्या फोटोमुळे दुसऱ्या गावाचे लोक टाकी बघायला आले होते आणि त्यांना थंड घुमट दिसला होता. अधिकाऱ्यांनी वही मागितली. बोट फिरवत आले: सात, सात, सात, शनिवारी सात. सोमवारी पाच. "म्हणजे रविवारी काहीतरी झालं. रविवारी कोण होतं?" साहेबांनी क्षणभरही न घालवता सांगितलं, "ऑपरेटर. अडाणी माणूस आहे, जास्त गाळ सोडला असेल." मी तिथेच उभी होते. हातात पेन होतं. बुंदीबद्दल कुणी बोललं नाही. देवीच्या प्रसादानं टाकी मेली, असं गावात कोण म्हणणार? चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण आपण किती सहज वापरतो. फाशीचा दोर कुणी वळला, ते म्हणीत येत नाही.

आता त्या टाकीवर वेल चढलेत. गाळ पुन्हा ओढ्याला जातो. पंप विकतच्या विजेवर चालतात, वीज गेली की थांबतात आणि सगळं गाव नाक धरतं. उद्घाटनाची पाटी तेवढी दर वर्षी कुणीतरी पुसतं. मी ती नोकरी अजून दोन वर्षं केली; माझा कागद बदलून मिळाला होता. मग लग्न झालं, रिसोडचं नव्हे, गावातलंच. नवऱ्याला मी सगळं सांगितलंय, हे सोडून.

त्या वेळी उकंडाभाऊला कामावरून कमी केलं आणि दोन दिवसांनी तो आला. दुपारची वेळ, ऊन असंच. मुकादमानं एक जोडी गळाली म्हणून त्यांना पुन्हा घेतलं होतं, ट्रक दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी निघणार होता. कमलाबाई फाटकाबाहेरच थांबली होती, आत आली नाही. मला वाटलं तो शिव्या देईल, आणि खरं सांगते, द्याव्या असं मला वाटत होतं. तो चप्पल काढून उभा राहिला.

"मॅडम, म्या ऐतवारी एक बादलीबी जास्त टाकली नाई. देवाशपथ."

"मले माहीत हाये," मी म्हटलं.

"मले तं लिवता येत नाई. पन तुमी रोज मोजत होत्या. पट्टी पिवळी झाली ते म्या डोयानं पाह्यलं ना. तुमच्या वहीत असनच ते सारं. साहेबाचा राग उतरला की तेवढं वरच्या साहेबाले दाखवजा. मंग ते मले बलावतेच. तोवर आमी जाऊन येतो."

मी म्हटलं, "दाखवतो."

होळी जवळ आली तेव्हा त्याचा फोन आला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज होता, म्हणजे फडावरूनच. पाचट जाळत असावेत, तो मधेच खोकत होता. "मॅडम, दाखवली का वही? काय म्हनले साहेब?" वही माझ्यासमोर टेबलावर उघडी होती, मी त्या दिवसाचे पाण्याचे आकडे लिहीत होते.

"उकंडाभाऊ," मी म्हटलं, "ते वही सापडूनच नाई राह्यली."

तो पुन्हा खोकला. मग म्हणाला, "असू द्या मॅडम. तुमी नका जीवाले लावून घेऊ. तिथं आमच्या बाजूनं तुमी एकल्याच होत्या."